आदानच्या खोलीतला गारवा

दर जुलैत आदान फिनिक्सहून वाळवंटातल्या युमाला आईकडे यायचा, जेवायचा आणि ऊन उतरलं की परत निघायचा. "अमा, त्या खोलीत झोपायचं म्हणजे भट्टीत झोपायचं," म्हणायचा. पोटचा पोर पाहुण्यासारखा येऊन जातो, हे ओतिलियाच्या मनाला फार लागायचं.

यंदा तिनं ठरवलं, हा राहिलाच पाहिजे. तो यायच्या आधीच स्टुलावर चढून तिनं स्वयंपाकघर, बैठक, स्वतःची खोली, सगळीकडच्या एसीच्या जाळ्या बंद केल्या. घरातला सगळा गारवा लेकाच्या खोलीत जाईल, असा तिचा साधा हिशोब. स्वतः मानेभोवती ओला टॉवेल गुंडाळून वावरत होती. पण ती मेली खोली आणखीच तापली.

आदान पहाटेच आला. त्याचा धंदाच डक्टदुरुस्तीचा, म्हणजे एसीची हवा माळ्यावरून खोल्याखोल्यांत नेणारे नळ दुरुस्त करण्याचा. त्यानं आपल्या खोलीतल्या जाळीपुढे कागदी रुमाल धरला, तो हलेचना. मशीन तर घरघरत होतं. ऊन चढायच्या आत तो माळ्यावर चढला आणि वरून ओरडला, "अमा, इथे काय गार आहे गं! पाली स्वेटर घालून बसल्यात!"

खाली आला तो धुळीनं माखून. "माझ्या खोलीकडे जाणाऱ्या डक्टचा सांधा निखळलाय. चिकटपट्टी उन्हानं वाळलेलीच होती, पण एवढा जोर आला कुठून?" मग त्याची नजर बैठकीच्या जाळीवर गेली. "या कुणी बंद केल्या?"

ओतिलियानं तव्यावरच्या तोर्तियावरून मान वर केली नाही. "मांजरानं."

"तुझ्याकडे मांजर कुठंय?"

"मग मी. तुला जास्त हवा मिळावी म्हणून."

"अगं, बाकीच्या वाटा बंद झाल्या म्हणून तर हवा कोंडली आणि सांधा तोडून माळ्यावर गेली!" तो आणखी तावातावानं बोलणार होता, पण तिच्या मानेवरचा ओला टॉवेल दिसला आणि त्यानं हत्यारांची पिशवी उचलली.

त्यानं पुन्हा वर जाऊन सांधा स्क्रूनं आवळला, वर जाड लेप थापला आणि घरातली जाळी न् जाळी उघडली. "तुझ्या खोलीतली पण उघडीच राहणार. हात लावलास तर बघ."

जेवण झाल्यावर, "जरा बघतो हवा नीट येते का," म्हणून तो आपल्या जुन्या पलंगावर आडवा झाला. ओतिलियानं नेहमीसारखा त्याचा डबा भरून दाराशी ठेवला. ऊन उतरलं तरी त्याची हाक येईना, म्हणून तिनं आत डोकावलं. आदान गुडघे पोटाशी घेऊन गाढ झोपला होता.

तिनं डबा फ्रिजमध्ये ठेवला. मग पेटी उघडून थंडीतलं जाड पांघरूण काढलं आणि हळूच त्याच्या अंगावर घातलं. भर जुलैत, युमामध्ये, तिच्या पोराला थंडी वाजत होती.