टेकडीकाकांचं गाव

मी दातांच्या कवळ्या बनवते. पुढच्या खोलीत माझी लॅब आहे आणि मागच्या मोठ्या खोलीत दर रविवारी दुपारी आमचा क्लब भरतो. बोटाच्या पेराएवढे सैनिक रंगवायचे, टेबलावर डोंगर-रस्ते मांडायचे आणि फासे टाकून लढाया खेळायच्या, हा आमचा छंद. बाहेरच्यांना सांगितलं की ते आधी हसतात आणि मग वय विचारतात.

आम्ही सहा जण. गणिताच्या निवृत्त बाई, ज्यांना नियमांचं पुस्तक तोंडपाठ असतं. एक केमिस्ट. दोन साडू, जे घरी एकमेकांना पाण्यात पाहतात आणि इथे कायम समोरासमोरच्या सैन्यात असतात. सासुरवाडीत बोलायचं राहिलेलं सगळं ते फाशांनी बोलतात. मी. आणि टेकडीकाका.

काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. ते कधीच खेळले नाहीत. अकरा वर्षं ते फक्त मैदान बनवत आले. थर्माकोलच्या टेकड्या, भुशाची माती, स्पंजची झाडं, आणि माझ्याकडचं उरलेलं प्लास्टर नेऊन त्याच्या भिंती. खेळ सुरू झाला की ते खिडकीशी खुर्ची ओढून बसत आणि बाहेर बघत.

दर वर्षी आम्ही एकच खेळ निवडतो आणि वर्षभर तोच खेळतो. या वर्षी तीन खेळ पुढे आले. थोरल्या साडूंना परग्रहावरचं युद्ध हवं होतं, बाईंना घोडदळ आणि तोफांचं. केमिस्टने नवीनच काढलं होतं: आजकालची लढाई, पण छोटी. एक तुकडी, एक गाव, आणि गावात शत्रू आहे की नाही ते माहीत नाही. घराघरावर उलट्या चकत्या ठेवायच्या. चकतीजवळ गेलं की फासा टाकायचा. सम आला तर आत शत्रू, विषम आला तर घर रिकामं. तिन्ही खेळ एकेक रविवार खेळून पाहायचे आणि मग हात वर करायचे, असं ठरलं.

पहिले दोन रविवार नेहमीसारखे गेले. तिसऱ्या खेळासाठी काकांनी माप विचारलं नाही की पुस्तकातली चित्रं पाहिली नाहीत. आठ दिवसांत ते गाव घेऊन आले. एका रांगेत तीन घरं, चौथं जरा बाजूला, कोपऱ्यात ढासळलेलं कुंपण, विहिरीला वळसा घालून डावीकडे जाणारा रस्ता, आणि शेवटी उंचवट्यावर एक लांब बैठी इमारत. इमारतीचं छप्पर उचलता येत होतं. मी उचलून पाहिलं तर आत काड्यापेटीच्या काड्यांचे बाक होते, चार ओळी. बाक बनवा असं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी वाहवा केली. काकांनी छप्पर माझ्या हातातून घेतलं आणि जागेवर नीट बसवलं.

खेळ रंगला. केमिस्टची तुकडी विहिरीपर्यंत आली. नियमाप्रमाणे त्याला एकदा तोफखान्याची मदत मागता येत होती. उंचावरची इमारत त्याला धोक्याची वाटली आणि त्याने तोफेची खूण त्या छपरावर ठेवली.

काका खिडकीपासून कधी उठले ते मला कळलंच नाही. त्यांचा पंजा छपरावर होता.

"तिथं नको," ते म्हणाले.

केमिस्टने समजावलं की हे नियमात बसतं. बाईंनीही मान हलवली.

"तिथं शत्रू नाही."

फासा टाकायच्या आधी कसं कळलं, असं थोरल्या साडूंनी हसत विचारलं. काकांनी हात उचलला आणि चष्म्याचं घर, कटर, पिशवी सगळं तिथंच टाकून ते निघून गेले. त्या दिवशी खेळ तिथंच थांबला. केमिस्टला उगाचच अपराधी वाटत राहिलं.

माझ्या डोक्यातून तो पंजा जाईना. वर्षाच्या शेवटच्या डावाचा फोटो आम्ही दर वेळी काढतो. सोमवारी कवळीचं प्लास्टर सुकत होतं, तेव्हा मी ते सगळे फोटो कॉम्प्युटरवर शेजारीशेजारी लावले. पहिल्यांदा काही दिसलं नाही. मग दिसलं. किल्ल्याच्या लढाईत तीन कोठारं एका रांगेत होती, चौथं बाजूला. बर्फाच्या मैदानात तीन तंबू होते, चौथा बाजूला. परग्रहावरच्या तळावर विहिरीच्या जागी इंधनाची टाकी होती आणि रस्ता तिला वळसा घालून डावीकडेच जात होता. शेवटी उंचवट्यावर दर वेळी काहीतरी लांब आणि बैठं: कधी तबेला, कधी कोठी, कधी विमानांची शेड. अकरा फोटो, एकच गाव. अकरा वर्षं आम्ही तिथंच लढत होतो, आणि त्या उंचवट्यावर किती वेळा आगी लावल्या असतील याची गणतीच नव्हती.

बुधवारी दुपारी काका पिशवी न्यायला आले. मी कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. ते फोटो बघत पेशंटसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसले.

मोजणी खात्याआधी ते चार वर्षं सैन्यात होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. चोविसाव्या वर्षी त्यांचं काम होतं टेकडीवर दुर्बीण घेऊन बसायचं आणि वायरलेसवर आकडे सांगायचे. ते आकडे ऐकून मागच्या तोफा तोंड वळवायच्या. एका सकाळी खालच्या गावातल्या त्या लांब इमारतीच्या खिडकीत काहीतरी चमकलं. थांबून पुन्हा चमकलं. कुणीतरी खुणा करतंय, अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनी आकडे सांगितले.

"दुपारी आम्ही खाली गेलो," काका म्हणाले. "पोरं आरशानं कवडसे पाडत होती. भिंतीवर कवडसा पाडायचा नि दुसऱ्यानं तो पकडायचा. आरसा सापडला आम्हाला. फुटलाही नव्हता."

आपण तेच गाव पुन्हा पुन्हा बनवतोय हे कळत होतं का, एवढंच मी विचारलं. पहिली दोन वर्षं कळलं नाही, म्हणाले. नंतर कळलं, पण हात दुसरं काही करेनात. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, की रविवारी मी एकदा खेळलो तर चालेल का.

काकांच्या परवानगीने मी बाकीच्यांना सगळं सांगितलं. रविवारी कुणी थट्टा केली नाही. दोघे साडूसुद्धा एकाच बाजूला उभे राहिले. काकांसमोर बाई बसल्या. काकांनी तोफखाना मागितला नाही. तुकडी विहिरीला वळसा घालून चढावर गेली, इमारतीवरची चकती उलटली आणि फासा पडला. चार. आत शत्रू. त्यांचे सहा सैनिक तिथंच आडवे झाले आणि ते डाव हरले.

पुन्हा मांडा, ते म्हणाले. दुसऱ्यांदा पाच आला, इमारत रिकामी. तिसऱ्यांदा पुन्हा शत्रू. ते मांडत राहिले. पडलेले सैनिक उचलून विहिरीशी उभे करायचे, चकती पालथी घालायची, चढ चढायचा. सातव्या डावाला बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"सम आणि विषम, एवढंच आहे हो यात," त्या म्हणाल्या. "यातून उत्तर निघायचं नाही."

"उत्तर नाही शोधत, बाई." काकांनी फासा मुठीत धरला होता. "इथं प्रत्येकाला फासा टाकायच्या आधी थांबावं लागतं. आत कोण आहे हे माहीत नाही, असं आधी कबूल करावं लागतं. मी तेवढंही थांबलो नाही. मला खात्री होती."

मग त्यांनी फासा टेबलावर ठेवला आणि टाकला नाही.

केमिस्टने आपला खेळ स्वतःहून मागे घेतला. परग्रह आणि घोडदळ यांची नावं कुणीच काढली नाहीत. शेवटी धाकट्या साडूंनी जहाजांचा खेळ सुचवला. गलबतं, वारा, उघडा समुद्र. जमीन कुठंच नाही. सगळ्यांचे हात वर गेले, काकांचाही. लाटा किती उंच करायच्या, एवढंच त्यांनी विचारलं.

गाव त्यांनी आणि मी मिळून मोडलं. घरं, कुंपण, झाडं त्यांनी खोक्यात भरून मला देऊन टाकली. तुझ्याकडे कचऱ्याची गाडी येते ना, म्हणाले. लांब इमारत तेवढी वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर नेली. समुद्र त्यांनी तीन आठवड्यांत केला. निळ्यावर निळा, त्यावर माझ्या कवळ्यांचं वॉर्निश. मी खूप निरखून पाहिला. नुसतं पाणी होतं.

महिन्याभराने काकू लॅबमध्ये आल्या. कवळीचा एक दात टोचत होता. मी तो घासत असताना त्या बोलत बसल्या. ह्यांनी टीव्हीशेजारी कसलंसं घर आणून ठेवलंय, म्हणाल्या. कुणाला हात लावू देत नाहीत. रोज सकाळी छप्पर काढून आत बघतात आणि परत लावून ठेवतात. विचारलं तर शाळा आहे म्हणतात.

"कुठली गं ही शाळा? ह्यांच्या लहानपणची का?"

चाळीस वर्षांच्या संसारात काकांनी त्यांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं, हे मला तेव्हा समजलं. मशीन माझ्या हातात फिरत होतं. मी ते बंद केलं नाही.

"क्लबमधली आहे, काकू," मी म्हटलं. "एका खेळातली. तो खेळ आम्ही घेतला नाही."

त्यांनी मान हलवली, कवळी बसवून पाहिली, आणि आता टोचत नाही म्हणाल्या.