सात जर्दाळू आणि एक मागणं

दरी कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो, यावर ताशबुलाक आणि नवबोग या दोन गावांचं कधीच एकमत झालं नाही. खाली नवबोगचे ताजिक म्हणायचे, जिथवर जर्दाळू फळतो तिथवर दरी, म्हणजे आमचं. वर ताशबुलाकचे किरगीझ म्हणायचे, वसंतात घोडा चरत जिथवर खाली उतरतो तिथवर डोंगर, म्हणजे आमचं. आता घोडं कुठेही चरतं आणि पाणी घातलं तर जर्दाळूही कुठेही फळतो, हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. चहाच्या वाट्या रिकाम्या होईपर्यंत भांडायचं आणि मग घरी जायचं, एवढाच त्या वादाचा उपयोग होता.

एस्तेबेस आणि सफरअली हे दोघे या वादातले पट्टीचे भांडखोर. शिवाय ते तामीर होते. किरगीझाने परक्या जमातीतल्या माणसाला तामीर केलं, की सख्ख्या भावापेक्षा तो जवळचा. त्या दोघांत ठरलं होतं, की प्रत्येकाने आयुष्यात एकदा दुसऱ्याकडे हवं ते मागायचं, आणि दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही.

सफरअलीने आपलं मागणं पहिल्याच वर्षी उरकलं. एस्तेबेसची राखी घोडी मागितली. एस्तेबेसने हसत लगाम हातात दिला आणि घरामागे जाऊन डोळे पुसले. ते त्याच्या बायकोने, सायराकानने, पाहिलं आणि चाळीस वर्षं त्याला ऐकवलं. एस्तेबेसचं मागणं मात्र तसंच राहिलं. "काय घाई आहे?" तो म्हणायचा. "तुझी चांगली वस्तू होऊ दे, मग मागतो."

घोडी नेली त्याच वसंतात सफरअली आपल्या बापाच्या बागेतली सात जर्दाळूची कलमं गाढवावर लादून वर आला. ही न मागता आणलेली. एस्तेबेसने उतारावरच्या आपल्या तुकड्यात खड्डे खणले, सफरअलीने रोपं उभी केली, सायराकानने झऱ्याचं पाणी घातलं. झाडं मोठी झाली. फळ पिवळंधमक, एका गालावर लाली, थेट नवबोगचं वाण. नवबोगच्या कुणीही लांबून ओळखावं असं.

मग चाळीस वर्षांनी दोन्ही देशांच्या राजधान्यांतून सीमा आखणारं मंडळ यायचं ठरलं. दोघांच्या नकाशांची सालं वेगळी आणि रेषाही वेगळ्या. त्याच्या दोन वर्षं आधी पाण्याच्या पाटावरून दगडफेक झाली होती, चार घरांची छपरं जळाली होती, रस्ता बंद झाला होता. तेव्हापासून एस्तेबेस आणि सफरअली बोललेच नव्हते. फोन दोघांकडेही होते. पण आधी त्याने करावा असं या म्हाताऱ्याला वाटे, आणि त्या म्हाताऱ्याला काय वाटत होतं देव जाणे.

मंडळ यायच्या चार दिवस आधी गावप्रमुख ओस्कोन आला. चहाला हातही न लावता म्हणाला, "एस्तेबेस-आके, तुमची ती झाडं आपल्या गळ्याला फास आहेत."

"झाडांनी तुझं काय घोडं मारलंय?"

"ते लोक म्हणणार, जर्दाळू आहे म्हणजे दरी आहे. वाण आमचं, लावलं आमच्या माणसानं. आणि खोटं आहे का? तुमचा तो सफरअली आला होताच ना कलमं घेऊन? कळतंय त्यांच्या बाजूनं साक्षीला तोच येणार आहे."

"सफरअली खोटं बोलणार नाही."

"दोन वर्षांत बोललाय का तो तुमच्याशी?"

एस्तेबेसने त्याचा थंड झालेला चहा दाराबाहेर ओतला.

"फोन कर की त्याला," ओस्कोन गेल्यावर सायराकान म्हणाली. "चाळीस वर्षं ते मागणं उशाला घेऊन झोपलायस. माग आता. म्हणावं, खरं सांग. एवढंच तर मागायचंय."

"माझ्या जमिनीसाठी त्याच्यापुढे हात पसरू?"

"म्हाताऱ्या, तो परका आहे का?"

एस्तेबेसने फोन हातात घेतला आणि परत खिशात टाकला. तो नाही म्हणाला तर काय, ही भीती त्याने बायकोलाही सांगितली नाही.

झाडं पाडायला ओस्कोन मोटरची करवत द्यायला तयार होता, पण एस्तेबेसने हातकरवतीनेच सातही झाडं पाडली. दोन दिवस लागले. कळ्या धरल्या होत्या, आणखी आठवड्याने फुलल्या असत्या. खोडांच्या बुंध्यांवर त्याने माती ओढली, वर शेण पसरलं. सायराकानने कळ्यांच्या फांद्या गोळा करून बादलीत ठेवल्या आणि दोन दिवस नवऱ्याला वाढलेलं ताट त्याच्यासमोर नुसतं सरकवलं.

मंडळ आलं. दोन्हीकडचे अधिकारी, शिपाई, आणि ताजिकांच्या मागून काठी टेकत, भरतकामाची टोपी घातलेला सफरअली. किती वाळला होता! तो कुणाशी न बोलता थेट झाडांच्या जागेकडे निघाला आणि तिथे पोचल्यावर थांबला.

त्याचा अधिकारी म्हणाला, "बोला बाबा. काय सांगायचंय?"

"इथं सात जर्दाळू होते," सफरअली म्हणाला. "कलमं माझी. पण खड्डे यानं खणले, ह्याच्या बापाच्या जमिनीत. मी विचारलं होतं, कुठं लावू? जो जमिनीचा मालक असतो त्यालाच विचारतात. ही जमीन किरगीझांची."

ताजिक अधिकाऱ्याचा चेहरा पडला. किरगीझ अधिकाऱ्याने घाईघाईने वही उघडली. "झाडं दाखवा, म्हणजे नोंद करतो."

ताजिक अधिकाऱ्याने बुटाने शेण बाजूला केलं. खाली ताजं, पांढरं लाकूड होतं.

"हे काल-परवा कापलंय," तो म्हणाला. "जमीन यांचीच होती तर लपवलं कशाला? या म्हाताऱ्याला चढवून बोलायला लावलंय. ही साक्ष मी मानत नाही."

तासभर वाद झाला. शेवटी दोन्ही अधिकाऱ्यांनी कंटाळून तुकड्यातून सरळ रेषा मारली. तीन बुंधे तिकडे, चार इकडे. झरा तिकडे.

निघताना सफरअली एस्तेबेसजवळ आला. "मागायचं होतंस रे लेका. नुसतं मागायचं होतंस."

"मला वाटलं..."

"काय वाटलं ते दिसलं मला."

एस्तेबेसला त्याचा हात धरायचा होता. मला माफ कर, म्हणायचं होतं. पण तामीरकडे घोडा मागतात, खोगीर मागतात, माफी मागायची रीत त्याला कुणी शिकवली नव्हती. तोंडातून निघालं ते भलतंच. "माझं मागणं बाकी आहे. मला सात कलमं दे. तीच. तुझ्या बापाच्या बागेतली."

सफरअलीने त्याच्याकडे पाहिलं. "दिली," तो म्हणाला, आणि काठी टेकत उतरू लागला.

आठवड्यात त्या रेषेवर काटेरी तार आली. तार ओढून झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी पलीकडच्या शिपायाने हाक मारून ओल्या गोणपाटात बांधलेलं गाठोडं तारेवरून दिलं. मुळांना नवबोगची काळी माती, प्रत्येक कलमाला सफरअली नेहमी मारायचा तशी दुहेरी गाठ.

एस्तेबेस तारेपाशी उभा राहून खालच्या रस्त्याकडे बघत राहिला. रस्त्यावर एक गाढव होतं, बाकी कुणी नव्हतं.

"तो नाही आला?" सायराकानने विचारलं. घरातल्या बादलीत फांद्या फुलल्या होत्या, पाकळ्या तिच्या डोक्यावरच्या रुमालाला चिकटल्या होत्या.

"नाही."

तिने गाठोडं सोडून कलमं मोजली. "सात आहेत. आपल्याकडे जागा तर चारचीच राहिली."

एस्तेबेसने कुदळ उचलली आणि पहिला खड्डा खणायला घेतला. घोडी कधीच देऊन झाली होती, कलमंही आली होती. आता एकमेकांकडे मागण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि सफरअलीला वर यायला काही कारणही.