'शांत' टॅगखाली तेवीस बातम्या

बोर्गहिल्डने फोन लावला तो भांडायलाच.

"एस्किल, तुझी ती थीम चुलीत घाल!"

"सुप्रभात, बोर्गहिल्ड," पलीकडून एस्किल म्हणाला. स्कार्वनेस गावच्या साप्ताहिकाची वेबसाइट आणि तिची थीम, म्हणजे पानांचा साचा, त्याने ट्रोंडहाइमला बसून बांधून दिली होती, आणि बोर्गहिल्डच्या शिव्या खायची त्याला सवय झाली होती. छापील अंक बंद होऊन सगळं वेबसाइटवर आल्यापासून ती त्याच्यावर डाफरतच होती. बत्तीस वर्षं तिने पानं लावली होती. कुठली बातमी वर, कुठली खाली, हे तिला डोळे मिटून कळायचं. आता ते टॅग ठरवत होते. 'बंदर' टॅग लावला की बातमी डाव्या रांगेत, 'शाळा' लावला की उजवीकडे. शिवाय काही टॅगांच्या आधी # ही खूण असायची. ते वाचकाला दिसत नसत, फक्त थीमला कळत. #रुंद लावला की फोटो या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरायचा. पहिल्याच आठवड्यात तिने चुकून तो एका मृत्यूवार्तेला लावला आणि बिचाऱ्या म्हाताऱ्या नाखव्याच्या नाकाने अख्खा पडदा व्यापला. त्याची मुलगी महिनाभर तिच्याशी बोलली नव्हती.

पण आजचा राग तसला नव्हता.

"डाइवाची बातमी कुठं गेली?" तिने विचारलं. "तीन आठवडे झाले. पहिल्या पानावर नाही, बंदराच्या रांगेत नाही, शोधलं तरी सापडत नाही. मी स्वतः टाकलीय ती!"

डाइवा लिथुआनियाची. मासळीच्या कारखान्यात फिले, म्हणजे माशांचे बिनकाट्याचे तुकडे, कापायच्या यंत्रावर काम करायची. काम वेगाने व्हावं म्हणून यंत्रावरचं झाकण काढून ठेवलं होतं, आणि त्यात तिची दोन बोटं गेली. झाकण कुणी काढायला लावलं हे तिघा कामगारांनी स्वतःच्या नावानिशी सांगितलं होतं. डाइवाने पट्टी सोडून हाताचा फोटो काढू दिला होता. आणि काल दुकानात, पावाच्या फळीपाशी, ती बोर्गहिल्डसमोर येऊन उभी राहिली.

"तू माझा हात घेऊन गेलीस," डाइवा म्हणाली होती. "कुठं ठेवलास?"

"वेबसाइटवर आहे, डाइवा."

"माझ्या बहिणीने शोधलं. नाहीये. कारखान्यात हसतात मला. म्हणतात, ती म्हातारी तुझी बातमी विकून आली."

म्हातारी म्हटल्याचं बोर्गहिल्डला काही वाटलं नाही. विकून आली, हे मात्र तिला रात्रभर टोचत राहिलं.

"थीममध्ये बिघाड नाही," एस्किल म्हणाला. "ती बातमी उघड आणि बाजूचं सेटिंग बघ. टॅग कुठले आहेत?"

तिने चष्मा वर सरकवला. "बंदर. आणि... #शांत. हे काय आहे?"

पलीकडे एस्किलने कळा बडवल्याचा आवाज आला.

"तोरलाइवने मागून घेतला होता तो," एस्किल म्हणाला. "संपर्काचं पान, जाहिरातींच्या अटी, असल्या गोष्टींसाठी. पान असतं, पण कुठल्याच यादीत येत नाही, शोधात येत नाही, वाचकांना जाणाऱ्या मेलमध्येही येत नाही. नेमकी लिंक असेल तरच उघडतं. बातम्यांसाठी नव्हता गं तो. मला खरंच माहीत नव्हतं."

वेबसाइटच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या, तिच्याकडे आणि संपादक तोरलाइवकडे.

"#शांत लावलेलं सगळं एकत्र कसं बघायचं?"

त्याने सांगितलं. तिने त्या टॅगचा फिल्टर लावला आणि यादी उलगडली. तेवीस बातम्या. संपर्काचं पान आणि जाहिरातींच्या अटी त्याखेरीज. शाळेच्या भिंतींतली बुरशी. धक्क्याजवळ सांडलेलं तेल. नळाचं खराब पाणी. पिऊन गाडी चालवणारा नगरसेवक. आठ बातम्या तिच्या होत्या. बाकीच्या खुद्द तोरलाइवने लिहिलेल्या, आणि चांगल्या लिहिलेल्या! मेहनतीने माहिती काढायची, प्रसिद्ध करायची, आणि मग आपल्याच हाताने त्यावर गोधडी टाकायची. तिची कानशिलं तापली. तिने फोन ठेवला. एस्किलची माफी मागायची राहिली, ते तिला पुष्कळ नंतर आठवलं.

तोरलाइव नऊला आला. ओला कोट खुंटीला अडकवला, कॉफीच्या भांड्याकडे वळला, आणि तिच्या पडद्यावरची यादी बघून तिथेच थांबला.

"हे काय आहे, तोरलाइव?"

"लपवलं नाहीये काही," तो लगेच म्हणाला. "बातम्या आहेत तिथं. लिंक दे कुणालाही, उघडते."

"लिंक देणार कोण? तू?"

"हे बघ, स्टाइनारचा फोन आला होता." स्टाइनार कारखान्याचा मालक, आणि साप्ताहिकाच्या मंडळावरही तोच बसायचा. "अर्धं गाव त्याच्याकडे कामाला आहे. त्याने उद्या कारखाना उचलून दुसऱ्या खाडीत नेला तर? मी एक शब्द खोडला नाही, बोर्गहिल्ड. एकही नाही. फक्त जरा शांत ठेवलं."

"खोडलं असतंस तर बरं झालं असतं!" ती उठून उभीच राहिली. "मी त्याच दिवशी बोंब मारली असती. तू मला तीन आठवडे फसवलंस. मी त्या पोरीला तोंड वर करून सांगतेय, छापलंय म्हणून, आणि ती मला लाचखाऊ समजतेय. आणि बरोबर समजतेय!"

"ओरडू नकोस."

"का? तेही शांत करायचंय? त्यासाठीही टॅग आहे तुझ्याकडे?"

तो खुर्चीत बसला. "तुला एकटीला राग येतो असं समजू नकोस. नळाच्या पाण्याची बातमी लिहिली तेव्हा मलाही आला होता. पण मग दुसऱ्या दिवशी दुकानात त्याच माणसांना भेटायचं असतं."

"मला डाइवा भेटली दुकानात," ती म्हणाली. "तिला पाव उचलता येत नव्हता नीट."

ती परत बसली आणि टॅगांचं सेटिंग उघडलं. थीमचा नियम तिला आता पाठ होता. # असेल तर टॅग लपलेला. # काढला की तो चारचौघांसारखा, त्याला स्वतःचं पान मिळतं, आणि तो लावलेली प्रत्येक बातमी त्या पानावर ओळीने येते. तिने नावातली ती एक खूण खोडली. राहिलं नुसतं 'शांत'. खाली टॅगच्या वर्णनाची चौकट होती. तिथे तिने लिहिलं : 'या बातम्या आम्ही लिहिल्या आणि तुमच्यापर्यंत पोहोचू दिल्या नाहीत.' मग मुख्य मेनूमध्ये 'बंदर' आणि 'शाळा' यांच्या मधोमध 'शांत' बसवलं. डाइवाच्या बातमीला #रुंद लावला आणि तिला सगळ्यात वर चढवलं.

"बोर्गहिल्ड, हात काढ तिथून."

"'आम्ही' लिहिलंय मी," ती म्हणाली. "तुझं एकट्याचं नाव नाही घातलं. एवढं पुरे समज." आणि तिने बटण दाबलं.

डाइवाचा हात पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला. तोरलाइवने मान फिरवली.

त्याने ते पान उतरवलं, पण दुपारी बारानंतर, स्टाइनारचा तिसरा फोन आल्यावर. तोवर गावातल्या निम्म्या फोनांवर पानाचे फोटो फिरत होते. बोर्गहिल्डचा पासवर्ड त्याच दिवशी बंद झाला, आणि शुक्रवारी मंडळाचं पत्र आलं : नोकरी संपली, कारण विश्वासाचा भंग. ते वाचून ती इतक्या जोरात हसली, की शेजारीण कुंपणाशी येऊन विचारून गेली. कुणाच्या विश्वासाचा, हे पत्रात लिहिलेलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी कामगार निरीक्षक आले आणि यंत्रं चार दिवस बंद राहिली. कारखाना कुठेही गेला नाही. झाकणं परत बसली. त्या चार दिवसांत कारखान्यातल्या, मजुरी बुडालेल्या दोघीतिघी रस्त्यात बोर्गहिल्डला बघून दुसऱ्या बाजूने गेल्या. डाइवाने मात्र तिला घरी बोलावलं, बीटाचं थंड सूप वाढलं, आणि स्पष्ट सांगितलं, "तीन आठवडे मी तुला शिव्या घातल्या. त्या मी परत घेत नाही. तू आधी बघायला हवं होतंस."

"हवं होतं," बोर्गहिल्ड म्हणाली, आणि अजून थोडं सूप मागून घेतलं.

तोरलाइव अजून संपादक आहे. एका रविवारी तो तिच्या दाराशी आला. तिने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

"एवढ्या वर्षांची ओळख आपली," तो म्हणाला. "कधीपर्यंत रागावणार आहेस?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "मोजलं नाही अजून." आणि तिने दार लावून घेतलं.