बोटभर कोरी जागा

"अगं, मधेच खाडा पडलाय बघ! बोटभर जागा कोरीच राहिलीय."

मित्रांनो, हा आवाज मी ऐकला तेव्हा माझ्या अंगावर शाईचा थेंबही पडला नव्हता. मी एक जुनी, काळी हुडी आहे. कोपरं विरलेली, टोपीच्या नाडीचं एक टोक चावलेलं.

तो आवाज बाबांचा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, तिथं ते कपड्यांवर छपाई करायचे. जाळी ताणलेली चौकट कापडावर ठेवायची, शाई ओतायची आणि रबरी पट्टी एका दमात ओढायची. शेजारच्या मशीनवर त्यांची बहीण शिवायला बसे. सारं घर तिला आत्याच म्हणे. मला तिनंच शिवलं, गुणगुणत:

सुई गं बाई सुई, तुझं एवढंसं नेढं,
त्यातून ओवते मी अख्खं घर वेडं.

घरातलं सगळ्यात मोठं वेड म्हणजे बाबांची लेक. मागच्या खोलीत ती डबस्टेप रचायची. हे कॉम्प्युटरवर घडवलेलं संगीत. ताल रेंगाळत चालतो आणि खालून बेस, म्हणजे खर्जातला सूर, असा गुरगुरतो की कपाटातल्या वाट्या नाचू लागतात.

"गाणं आहे की वॉशिंग मशीनमध्ये दगड टाकलेत?" बाबा ओरडायचे.

"दादा, तू घोरतोस तेव्हा आम्ही काही बोलतो का?" आत्या म्हणायची.

पण ते संगीत ऐकायला माणसं जमू लागली. त्यांना लेकीच्या पहिल्या गाण्याची खूण अंगावर मिरवायची होती. लेक बाबांकडे आली. "चाळीस हुड्या छापाल? पाठीवर माझ्या गाण्याची लहर हवी. आवाज मोठा तिथे उंच, लहान तिथे बुटकी." तिनं बाबांकडे असं काम पहिल्यांदाच मागितलं होतं. बाबा दिवसभर शीळ घालत फिरले.

तिनं पाठवलेल्या फिल्मवर, म्हणजे ज्यावरून जाळी तयार होते त्या पारदर्शक कागदावर, लहरीच्या मधोमध बोटभर जागा कोरी होती.

"तिला विचार तरी," आत्या म्हणाली.

"तीस वर्षं फिल्मा बघतोय. खाडा मला कळत नाही होय?"

बाबांनी बारीक पेनानं ती जागा भरली. इतक्या मायेनं भरली की जोड शोधून सापडू नये. मग चाळीस पाठींवर एकच अखंड लहर उमटली.

लेकीनं मला उचललं, गालाला लावलं, हसली. मग तिचं बोट लहरीवरून सरकत मधे आलं आणि थबकलं. "बाबा, इथं रिकामं होतं ना?"

तिचा चेहरा उतरलेला पाहिला आणि बाबांच्या तोंडून निघून गेलं, "फिल्मच तशी आली होती."

"म्हणजे घाईत मीच चुकीची पाठवली. तुमची एवढी मेहनत वाया घालवली."

आत्यानं मान वर केली. बाबांनी नजर शाईच्या डब्यात बुडवली. मी सारं पाहिलं होतं. पण कापडाला पाठ असते मित्रांनो, तोंड नसतं.

हुड्या काही वाया गेल्या नाहीत, चाहत्यांनी हातोहात नेल्या. मला लेकीनं स्वतःसाठी ठेवलं. मला घालून ती कार्यक्रमाला उभी राहिली, त्या संध्याकाळी सभागृहात ताल चढत गेला, चढत गेला, आणि एकदम सगळं थांबलं. श्वासभर काहीच नाही. सगळी गर्दी जणू एका पायावर उभी. मग बेस कोसळला आणि माझा धागा न् धागा शहारला. बाबांनी काय भरून टाकलं होतं, ते मला तेव्हा कळलं. त्या गाण्याचा जीव त्या गप्प जागेत होता.

वर्षं सरली. प्रवासात मी लेकीची उशी झाले, पांघरूण झाले. तिचं नाव झालं. पण छपाई ती दुसरीकडून करून घेई. "माझ्या चुकीपायी पुन्हा तुम्हाला त्रास नको," म्हणायची. एकेक फिल्म चारचारदा तपासायची, तरी धास्तावलेलीच. बाबा ऐकायचे आणि उठून पाणी प्यायचे.

"दादा, शाई वाळली की जाळी बुजते," आत्या म्हणायची. "सांगून टाक एकदाचं."

"सांगतो गं."

नव्या घरी जाताना लेक मला दुकानात विसरली. आधी मी खुंटीवर लटकले, मग मशीनवरचं झाकण झाले. धूळ खाल्ली, तेल प्याले. मित्रांनो, तुमच्या कपड्यांना असं टाकू नका. आम्हाला उलटं करून धुवा, सावलीत वाळवा, विरलो तर रफू करा. आम्ही तुमची ऊब विसरत नाही.

एका गार दुपारी बाबांनी मला झटकून अंगात घातलं आणि फोनवर लेकीचं पहिलं गाणं लावलं. सबंध असं पहिल्यांदाच. ती गप्प जागा आली. फोन बिघडला असं वाटून त्यांनी तो हलवला, आणि बेस कोसळला. त्यांची छाती माझ्या अस्तराला टेकलेली होती. ती किती जोरानं धडधडली ते मलाच ठाऊक. गाणं त्यांनी पाच वेळा ऐकलं.

त्याच आठवड्यात लेक आली. नवी फिल्म तिनं टेबलावर ठेवली. "बाबा, ही जरा तुम्ही बघाल? त्या पहिल्या वेळेपासून मला माझ्या डोळ्यांचा भरवसाच वाटत नाही."

आत्याचं मशीन थांबलं. बाबांनी चष्मा काढला, माझ्या बाहीनं पुसला आणि हातातच धरून ठेवला.

"पोरी, तुझी फिल्म बरोबर होती. खाडा समजून ती जागा मी भरली. तुझं गाणं मी तोवर धड ऐकलंच नव्हतं, आणि ते कबूल करायची मला लाज वाटली."