एका कपड्याला एक वाक्य

मित्रांनो, मी इस्त्रीचे एक जुने टेबल आहे. माझा एक पाय आखूड झाला आहे आणि त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली आहे. आता फार बोलवत नाही. पण माझ्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा एक काळा डाग आहे. त्याबद्दल तुम्ही विचाराल, म्हणून सांगतो.

सुताराने मला जुन्या दाराच्या फळ्यांतून घडवले. इस्त्रीवाल्या बाबांनी वर घोंगडी अंथरली आणि त्यावर चादर ताणून बांधली. वीस वर्षे ते माझ्याजवळ उभे राहून इस्त्री करत आले. आई शेजारी घड्या घालायची. यांच्या हातून कधी कपडा जळत नाही, असे गिऱ्हाइके म्हणत. ते ऐकून मीही ताठ व्हायचो.

त्यांची मुलगी मोठ्या शाळेत गेली आणि तिला एक नवी भाषा शिकावी लागली. बाबा दोन इयत्ता शिकलेले. अभ्यास म्हणजे शांतता, एवढेच त्यांना ठाऊक. मुलगी पडद्यामागे पुस्तक घेऊन बसली की रेडिओ बंद, गप्पा बंद. आई नुसती खाकरली तरी ते डोळे वटारत. तिच्या भल्यासाठी सारे घर तोंड शिवून बसायचे. त्या शांततेचे ओझे मला कपड्यांच्या गाठोड्यांहून जड वाटे.

लेखी परीक्षेत तिला चांगले गुण पडले. तोंडी परीक्षेत मात्र ती नुसती उभी राहिली. शाळेतल्या बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली. तीन आठवड्यांनी पुन्हा परीक्षा, तेव्हाही बोलली नाही तर वर्ष वाया.

"आता कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही," बाबा म्हणाले.

आईने हातातली घडी खाली ठेवली. "अहो, भाषा आहे ती. ही तान्ही असताना आपण असेच मुके बसलो असतो, तर आज खुणा करत फिरली असती."

"पण आपल्याला कुठे येते ती भाषा?"

"ऐकायला तर येतं ना?"

पडदा गुंडाळला गेला. मुलगी माझ्या टोकाशी स्टुलावर बसू लागली. एका कपड्याला एक वाक्य, असे ठरले. शर्ट कुणाचा, कुठे उसवला, बटण कुठे गेले. बाबा तिच्या मागून तेच म्हणत.

"बाबा, तुम्ही आत्ता बटणाला नमस्कार केलात."

"असू दे. गरीब आहे बिचारं."

एकदा ती एक लांबलचक वाक्य अडखळत जुळवत होती. बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि हातातली इस्त्री हलवायची विसरले. शर्ट जळला, घोंगडी जळली, मीही जळलो.

शर्ट समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाईंचा होता. त्यांना फक्त तीच भाषा येई. आजवर त्यांच्याशी सारा व्यवहार बोटांच्या खुणांनी चाले. त्या आल्या तेव्हा बाबांनी मान खाली घातली. जळक्या शर्टाची माफी मागायला कोणती खूण करणार?

मुलगी उठली. तिचा हात माझ्या कडेवर होता. ती बोलू लागली. तुटक बोलली, पण थांबली नाही. बाईंनी काहीतरी विचारले, तिने उत्तर दिले. त्यांनी पुन्हा विचारले. शेवटी त्या दोघी हसल्या.

"काय म्हणालीस गं?" बाबांनी नंतर विचारले.

"म्हटलं, चूक आमची आहे. बाबा माझं ऐकत होते."

ती परीक्षा पास झाली, पुढेही शिकली. आता दूरच्या गावी, त्याच भाषेत नोकरी करते. बाबांचे हात थरथरतात. माझ्यावर गाठोडी पडून असतात आणि आठवडे-आठवडे ऊब लागत नाही. मी थकलो आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी नवे शब्द घेऊन आले, तर समजत नसले तरी जवळ बसा. एखादे काम बिघडेल. बिघडू द्या. घोंगडी दोनदा बदलली, पण जळकी फळी बाबांनी बदलू दिली नाही. कधीतरी ते चादर बाजूला सारतात, डागावर हात ठेवतात आणि त्या भाषेतले त्यांना अजून आठवणारे एकमेव वाक्य हळूच म्हणतात. चूक आमची आहे. आई घडी घालायची थांबते आणि ऐकते.