मित्सुयोबाईंची दुसरी फ्लॉपी

“नोबुए, फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवत जा. ती उघडी असली की आतलं कुणाला पुसता येत नाही. आणि फ्लॉप्या दोन कर. एक कामाला, एक बुद्धापुढे.”

मित्सुयोबाई हे सांगत, तेव्हा त्यांची बोटं फ्लॉपीवर मजकूर साठवणाऱ्या त्यांच्या अवजड लेखनयंत्रावर चाललेली असत. समुद्रावरून परत न आलेल्या माणसांच्या गोष्टी त्यांनी बंदरातल्या विधवांच्या दारात बसून गोळा केल्या. माझ्या नवऱ्याचीही त्यात आहे. जाताना त्यांनी एवढंच मागितलं, की त्या छापल्या जाव्यात. मी हो म्हटलं.

वर्षश्राद्धाला आमच्या महिला मंडळाने पुस्तिका काढायचं ठरवलं. छापखाना मजकूर फक्त ईमेलने घेतो. यंत्रातून उष्णतेच्या कागदावर छापून ठेवलेले ताव उघडले, तर अक्षरं विरून कोरे उरलेले. राहिली ती कामाची फ्लॉपी. संगणक मठात, म्हणजे मित्सुयोबाईंचे चिरंजीव, धाकटे महाराज शूकेन यांच्याकडे.

महाराज तोक्योहून शिकून आले आहेत. बुद्धाच्या मूर्तीपेक्षा त्यांचीच छायाचित्रं अधिक निघतात. खिडकी आधी उघडा, असं मी दोनदा सांगितलं. रांगत्या मुलाकडे पाहून हसावं तसे ते हसले. फ्लॉपी वाचता येत नाही, आतलं पुसून नव्याने आखून घेऊ का, असं संगणकाने विचारलं. बागेचा फोटो किती लोकांना आवडला ते मला सांगता सांगता महाराजांनी ‘हो’ दाबलं.

मग म्हणाले, “रिकामीच आहे, काकू. आईला साठवायचं कळलं नसेल.”

पुसलं मुलाने, आणि दोष मेलेल्या आईच्या माथी. कडू बोलायचं नाही असा माझा रोजचा नियम आहे. लिहिण्याचा नियम मी घेतलेला नाही. तर लिहिते, की महाराजांच्या डोक्याचा तुळतुळीतपणा आतपर्यंत पोचलेला आहे.

पुस्तिकेच्या मोकळ्या झालेल्या पानांवर ते स्वतःचं ‘शांततेचा शोध’ हे चिंतन देणार होते, छायाचित्रासह. मी फक्त मित्सुयोबाईंचं लेखनयंत्र मागितलं. न्या, म्हणाले, मंगळवारी कचऱ्याच्या गाडीत जाणारच होतं.

यंत्र आणि ती पुसलेली फ्लॉपी कापडात बांधून घरी आणली. माझ्या देव्हाऱ्यात, बुद्धापुढच्या भाताच्या वाटीमागे, मित्सुयोबाईंनी ठेवायला दिलेली दुसरी फ्लॉपी होती. खिडकी उघडी. पूर्वी हीच यंत्रं विकणाऱ्या हामाझाकींच्या दुकानात फोन करून मठात झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी सांगितलं, ती संगणकात घालूच नका. यंत्रातच संगणकाला कळेल अशी साधी प्रत कोऱ्या फ्लॉपीवर काढा नि घेऊन या, ईमेल मी इथून करतो. कुठली कळ दाबायची तेही सांगितलं.

यंत्र कण्हलं, पण फिरलं. तिसऱ्या गोष्टीत माझा नवरा होता. वाचत बसले नाही. प्रत झाली तशी तिची खिडकी नखाने उघडली, मूळ फ्लॉपी बुद्धापुढे परत ठेवली, आणि निघते म्हणून हामाझाकींना कळवलं.

त्यांनी दबकत विचारलं, “धाकट्या महाराजांनी विचारलं, फ्लॉपीत काय होतं, तर काय सांगू?”

“सांगा, रिकामीच आहे.”

समईसारखा मंद दिवा लावलेला होता, तो तसाच ठेवला. प्रत रुमालात गुंडाळली, दाराशी चपला घातल्या आणि बंदराच्या रस्त्याला लागले.