टिण्ण आणि भद्द

"हे साचे? अगं मुग्धा, यात रावपुऱ्यात श्रीखंड देतात!"

विमलाताईंनी तो दुधट प्लास्टिकचा साचा मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरला आणि नखानं टिचकी मारली. भद्द. मग दुसऱ्या खोक्यातला काचेसारखा नितळ साचा उचलला. टिण्ण!

"हे ऐक. याला म्हणतात खानदान."

बडोद्याजवळच्या छाणीतल्या त्या प्रयोगशाळेत प्रत्येक भांडं आधी विमलाताईंच्या नखाखालून जायचं. काचेच्या जमान्यातला रिवाज तो. वाजलं तर ठेवा, भद्द बोललं तर तडा गेलाय, फेका. त्या कानाचा दरारा एवढा, की बाईंनी बोट उचललं की तडकलेल्या बरण्या आपणहून कपाटातून उड्या मारायच्या. खोटं वाटत असेल तर छाणीत जाऊन विचारा. आणि तुच्छता तर काय, दुधासारखी उतू जायची. प्रयोगशाळेचे प्रमुख उन्मेषसाहेब म्हणजे टाय बांधलेलं वांगं. मुग्धा म्हणजे मोबाइल बघून पाणी उकळणारी.

"मावशी, ते चकचकीत वाफेत टिकत नाहीत. दुसऱ्या कामाचे आहेत. खोक्यावर लिहिलंय ना."

"खोक्यावर काय, लग्न जमवतानाही मुलगा निर्व्यसनी म्हणून लिहितात!"

मुग्धानं कातडीच्या पेशी वाढवल्या होत्या. लेकरांसारख्या जपल्या होत्या. आज त्या साच्यात ओतल्या नाहीत, तर बाटलीतच दाटीवाटीनं गुदमरून मरणार होत्या. ती त्यांना बघायला आत गेली आणि इकडे विमलाताईंनी टिण्णवाले साचे फॉइलमध्ये गुंडाळले, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे भांडी वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या त्या दांडग्या कुकरमध्ये घातले, झाकण आवळलं. त्या श्रीखंडवाल्यांवर पेशी वाढवणार म्हणे! बडोद्यात अजून एवढी वाईट वेळ आलेली नाही.

वाफ झाली, झाकण उघडलं. विमलाताईंनी ऐटीत फॉइल सोडली.

आत साचे नव्हतेच. तळलेल्या पापडांसारखं काहीतरी वाकडंतिकडं, एकमेकांच्या गळ्यात पडलेलं. खानदान सगळं वितळून बसलं होतं.

मुग्धा आली, बघितलं, आणि पांढरी पडली. तेवढ्यात नाकाला रुमाल लावून उन्मेषसाहेब दारात.

"शुं थयुं, विमलाबेन? वास कसला हा?"

"सर, ते माझ्याच हातून..." मुग्धा पुटपुटली.

"गप बस!" विमलाताई कडाडल्या. "तुझ्या हातून चहासुद्धा धड होत नाही, हे कुठून होणार? साहेब, मी घातले. ही नको म्हणत होती. मी माझ्या कानाचं ऐकलं."

साहेबांनी त्या गोळ्याकडे बघितलं, मग विमलाताईंकडे.

"तो पछी असं करू या, बेन. यापुढं आत काय जायचं ते मुग्धा ठरवेल. तुम्ही नुसती वाफ बघा, हं?"

तो 'हं' फार गोड होता. लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेताना म्हणतात ना, तसला. वांगं मेलं!

"दे तुझे ते डबे," त्या मुग्धाला म्हणाल्या.

दुधट साचे त्यांनीच गुंडाळले. सवयीनं नख वर गेलं, हवेतच थांबलं, आणि खाली आलं.

संध्याकाळी मुग्धानं दार किलकिलं करून सांगितलं, "मावशी, ओतल्या. साचे वाफेतून जसेच्या तसे आले बघा."

"त्यांना काय धाड भरतेय," विमलाताई पर्स उचलत म्हणाल्या. "आणि दार लाव. तुझ्या पेशींना वारा लागेल."

घरी सून मोहना ओटा आवरत होती. "आई, हा श्रीखंडाचा रिकामा डबा टाकते हं. तुम्हाला प्लास्टिक आवडत नाही ना घरात."

"आण इकडे."

विमलाताईंनी डबा कानाजवळ धरला. टिचकी मारली. भद्द.

पुन्हा मारली.

मग तो धुऊन, पदरानं पुसून त्यांनी फळीवर काचेच्या बरण्यांच्या रांगेत ठेवला. एक बरणी त्यासाठी मागं सरकवावी लागली.